प्रोसेसरला लावलेलं तूप

साहेब, तुम्ही चौकशी केलीच नाहीत. तुम्ही चौकशीचं नाटक केलंत, आणि तेही धड केलं नाहीत, कारण मधेमधे जांभया देत होतात.

"मागून ढकललं म्हणता, सर्जेराव," तुम्ही माझ्या बापाला विचारलंत. "टँकरला? घाटात? कुणी ढकललं? म्हसोबानं?"

तुमच्या डावी-उजवीकडे बसलेले दोघं खो-खो हसले. एकाचा चहा बशीत सांडला. माझा बाप पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभा होता. त्याला खुर्ची दिली होती का? नव्हती. मी हे सगळं खिडकीच्या गजांतून बघत होते, कारण "लेडीजला आत परवानगी नाही" असं तुमच्या शिपायानं सांगितलं होतं.

"साहेब, वळण घेतलं तवर गाडी माझ्या हातात होती," आबा म्हणाले. "वळण संपता संपता मागनं ढुशी बसली. रेड्यानं मारावी तशी."

"मग गुरुवारी चार वाजता रेड्याला साक्षीला आणा," तुम्ही म्हणालात. "शेवटची तारीख. नाहीतर वळणावर झोपलात आणि दूध संघाचा टँकर आडवा केलात, असं लिहून तुम्हाला कामावरून कमी करतो."

पुन्हा हशा. तो सोमवार होता. सोळा वर्षं झाली, पण त्या हशातलं कोण आधी थांबलं आणि कोण शेवटी, हेही मला पाठ आहे.

मी अनसूया. घरात अनशी. तेव्हा एकवीस वर्षांची होते, आणि घराच्या पुढच्या खोलीत एका जुन्या, जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. आबा बावीस वर्षं संघाचा दुधाचा टँकर चालवत होते. बावीस वर्षांत एक आरसा फुटला होता, तोही गल्लीतल्या पोरांच्या क्रिकेटनं. आणि त्या चौकशीच्या दहा दिवस आधी म्हसोबाच्या वळणावर टँकर आडवा झाला. आबांच्या हातावर रेडिएटरचं उकळतं पाणी आलं, बाकी देवाची कृपा. अर्ध्या तासात आसपासची चार गावं घागरी, बादल्या, कुणी तर लहान मुलाचा टब घेऊन पळत आली. घाटाला दुधाची आंघोळ झाली. आबांना उचलायला मात्र दोघंच आले.

घरी येताना दस्तगीरचाचा आमच्याबरोबर होते. संघाच्या गॅरेजमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले मिस्त्री. आबांचे जिवाभावाचे. आबा पुढं चालत होते, मान खाली. चाचा मला हळूच म्हणाले, "पोरी, टाकी त्या दिवशी अर्धी होती. ड्रायव्हर लोक अर्ध्या टाकीला भितात. भरलेली चालंल, रिकामी चालंल, अर्धी घाटात नको. तुझा बाप नको म्हणाला होता. वरनं हुकूम आला, निघा म्हणून."

हुकूम कुणाचा होता ते मी इथं लिहीत नाही, साहेब. तुम्हाला ठाऊक आहे.

"पण अर्ध्या टाकीला काय होतं, चाचा?"

"ते मला सांगता येत न्हाई. नुसतं कळतं. तू अर्धी घागर डोक्यावर घेतलीयस का कधी?"

"रोजच घेते की."

"चालता चालता थांबलीस की?"

मी रस्त्यातच थांबले. मान आपोआप झटकली गेली, डोक्यावर घागर नसताना. भरलेली घागर मुकाट बसते. अर्ध्या घागरीतलं पाणी मात्र तुम्ही थांबलात तरी थांबत नाही. ते पुढं जातं, कडेवर आपटतं, परत येतं आणि मानेला हिसका देतं.

"चाचा, दुधानं ढकललं!"

"हळू बोल की," चाचा म्हणाले. "आणि हे त्या साहेबाला सांगशील कसं? त्यानं जन्मात घागर उचलली न्हाई."

सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर मला फुकट सीडी मिळाली होती, तिच्यात थ्रीडी चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर होतं. वर्षभर मी त्याच्याशी झटापट करत होते. लग्नपत्रिकेवरचा गणपती मी त्यात गोल फिरवायची, लोक वेडे व्हायचे. त्या सॉफ्टवेअरमध्ये पाणी ओतायची सोय होती. भांडं काढायचं, आत पाणी भरायचं, भांडं हलवायचं. पाणी कसं हिंदकळेल याचा हिशेब कॉम्प्युटर स्वतः करायचा. मी हलवायची फक्त टाकी. पाणी काय करतं आणि त्याच्या धक्क्यानं टाकी कलंडते का, त्यात माझा हात नव्हता.

सोमवारी दुपारी लाईट जायच्या आत मी घाटाचं वळण काढलं. चाचांनी टाकीची मापं तोंडपाठ सांगितली, वळणाचा उतार सांगितला, आबांनी वेग सांगितला: तीस. शेजारी शेजारी दोन टँकर, काचेसारख्या आरपार टाक्यांचे. एक भरलेला, एक अर्धा. तेच वळण, तोच वेग.

आणि इथं मेख होती. मंगळवारी सकाळी नऊला लाईट आली, मी हिशेब लावला. दुपारी तीनला भारनियमनात लाईट गेली, तेव्हा पडद्यावर आकडा होता पंचाहत्तर टक्के. पाऊण काम सहा तासांत, म्हणजे पुऱ्याला आठ लागणार. लाईट मिळायची सहा तास. मधे थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. निदान मला तरी मधूनच पुढं चालू करायचं ठाऊक नव्हतं. रात्री लाईट असायची, पण सगळ्या शिवारातल्या मोटारी तेव्हाच चालायच्या, आणि आमच्या घरातला बल्ब काजव्यासारखा व्हायचा. कॉम्प्युटर त्या दाबावर चालूच व्हायचा नाही. बारीक हिशेब सोडून जाडाभरडा मी सोमवारीच करून पाहिला होता. एका तासाच्या आत झाला, पण टाकीत दूध नव्हे, बर्फीच्या वड्या उड्या मारत होत्या.

"हे दाखवलंस तर नोकरी जाईलच," आई म्हणाली, "वर गिऱ्हाइकं मिठाईच्या ऑर्डरी देतील."

आबा हसले नाहीत. अपघातापासून ते हसले नव्हते आणि झोपलेही नव्हते. ओट्यावर बसून राहायचे. आम्हाला वाटायचं, हात दुखतोय.

मी सायकल काढून जनरेटर असलेल्या नेट कॅफेत गेले. आठ तासांचं काम सहा तासांत कसं करायचं, हे माझ्या तुटक्या इंग्रजीत जगाला विचारलं. जगानं उत्तर दिलं: ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसर कारखान्यातून ठरावीक वेगानं पळायचा म्हणून येतो, पण त्याच्यात दम त्याहून जास्त असतो. तुम्ही त्याला सांगायचं, पळ. सांगताना चुकलात तर तो जळतो. मी चौदा पानं छापून आणली आणि शब्दकोश घेऊन बसले.

बुधवारी नऊ वाजता लाईटबरोबर दस्तगीरचाचाही आले. पायजमा, बनियन आणि खिशात पाना. पाना कशाला, विचारलं तर म्हणाले, "इंजिन म्हणालीस ना?"

"इंजिन नाही चाचा, प्रोसेसर. दोन डोकी आहेत त्याला. एकाच चिपवर दोन."

"म्हणजे दोन शिलेंडर."

"बरं, तसं. वेग अठराशे आहे. तो कसा येतो बघा. दोनशे गुणिले नऊ. नऊ बदलता येत नाही, कंपनीनं कुलूप घातलंय. दोनशे बदलता येतात."

चाचांचे डोळे बारीक झाले. मग एकदम उजळले. "म्हणजे नऊ हा गिअर. गिअर अडकलाय. दोनशे म्हणजे इंजिनाचे फेरे. अगं मग काय आहे त्यात, एकाच गिअरमध्ये दाब अ‍ॅक्सिलरेटर!"

साहेब, चौदा पानं आणि शब्दकोश घेऊन मला जे रात्रीत कळलं, ते त्या माणसाला एका वाक्यात कळलं. माझ्यासारखाच त्याच्याकडेही शिक्षणाचा कुठला कागद नव्हता.

कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो. तिथं मला दोनशेचा आकडा सापडला. नव्या माणसानं पाच-पाचनं वाढवावं, असं चौदाच्या चौदा पानांवर लिहिलेलं होतं.

"किती करू?"

"तीनशे तेहतीस," चाचा म्हणाले.

"का?"

"बघू तरी!"

मी केलं. पडदा काळा. आत पंखा घुर्र करून गप्प. मग लांबलचक टूं. आणखी एक टूं. आई आतून ओरडली, "कुणाचा फोन आहे?"

कॉम्प्युटर मेला तर नोकरी गेलीच, शिवाय माझं टायपिंगही गेलं. चाचा मात्र शांत. "ह्याला बॅटरी असंल की कुठं. ट्रक हट्टाला पेटला की बॅटरीची वायर काढून लावायची. सगळं विसरतो आणि शहाण्यासारखा चालू होतो." आणि होतीच की! हिरव्या पाटीवर घड्याळाच्या सेलएवढी गोल बॅटरी. नखानं काढली, दहा अंक मोजले, बसवली. कॉम्प्युटर उठला. झाल्या प्रकाराची त्याला आठवणसुद्धा नव्हती. आम्ही दोघं हसत सुटलो. आबा ओट्यावरून डोकावून गेले.

तीनशेवर सुरू झाला, पण दहा मिनिटांत पडदा गोठला. दोनशे नव्वदवर चालला. चालला म्हणजे काय, उधळला! दोनशे नव्वद गुणिले नऊ, सव्वीसशे दहा. मी कागदावर हिशेब केला: आठ तासांचे साडेपाच तास. मी खुर्चीवर उभी राहिले. चाचांनी पाना हवेत फेकला आणि झेलला. मग उष्णतेचा आकडा पाहिला, ऐंशी. बघता बघता ब्याऐंशी. छापील कागदांवर होतं, सत्तरच्या पुढं जाऊ नका.

"पाणी उकळायला लागलं," चाचा म्हणाले. "बंद कर."

आम्ही पंखा काढला. पंख्याखालचा धातूचा तुकडा आणि प्रोसेसर, या दोघांच्या मधे एक लेप असतो, आतली उष्णता पंख्याकडं पोचवायला. आमचा लेप वाळून भिंतीच्या पोपड्यांसारखा झाला होता. खरवडून, रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढला. खालचा धातू चकाकला. आता नवा लेप पाहिजे. तो मिळायचा जिल्ह्याच्या गावी, दोन तास एसटीनं जायला, दोन यायला, आणि दुकान उघडं असेल तर.

"काय पाहिजे काय तुम्हाला?" आई दारात उभी. हाताला पीठ.

"लेप पाहिजे. थंड ठेवणारा."

"मग माझ्याकडं मागायचं की. घरात वाटीभर आहे."

आईनं आबांच्या भाजलेल्या हातासाठी तूप धुतलं होतं. तांब्याच्या ताटात घ्यायचं, पाणी घालायचं, तळव्यानं घोळायचं, पाणी टाकायचं, पुन्हा पाणी. असं शंभर वेळा. तूप लोण्याहून पांढरं होतं आणि हाताला बर्फासारखं लागतं. आमच्याकडं भाजल्यावर हेच लावतात.

मी म्हणाले, "आई, हा प्रोसेसर आहे."

"भाजतंय ना त्याला?"

"भाजतंय."

"मग?"

या "मग"ला माझ्या चौदा पानांत उत्तर नव्हतं. चाचा म्हणाले, "वहिनी बरोबर बोलती. बेअरिंगला ग्रीस लावत न्हाई का आपण?" आणि बेअरिंगला लावतात तसं भरभरून, बोटाबोटानं लावलं. तिथंच चुकलो. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो, असं कागदावर चक्क चित्र काढून दाखवलेलं होतं. पण चित्राकडं कोण बघतो, वाटी समोर असताना?

चालू केला. चौपन्न! साहेब, चौपन्न! ब्याऐंशीवरून चौपन्न. आईनं पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "त्या जगाला कळवून टाक." मी आईचा पापा घेतला. पाच मिनिटं आम्ही तिघं राजे होतो.

सहाव्या मिनिटाला घरभर वास सुटला. खरपूस. शेजारची शालनकाकू भिंतीवरून म्हणाली, "बेसन भाजताय का ग? कुणाचं काय ठरलं?"

आकडा साठ. अडुसष्ट. पंचाहत्तर. आत वाकून पाहिलं, तर उभ्या पाटीवरून तूप पातळ होऊन ओघळत होतं, निरांजनातून सांडावं तसं. बंद केला. तीनला लाईट जाणार होती, आणि उद्या चारला तुमच्यासमोर उभं राहायचं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "उभा का ठेवलाय त्याला?"

आबा. कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. बारा दिवसांत पहिल्यांदा आपणहून ओटा सोडून आत आले होते.

"वितळणार तर हाय ते," ते म्हणाले. "पण वाहून जायला उतार कशाला देता? डबा आडवा करा. तूप जागच्या जागी राहील."

आबांनी चांगल्या हातानं कॅबिनेटचा कान धरला, अलगद कुशीवर झोपवला, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "सरका. आडवं करायचं काम माझं."

एक क्षण कुणाला हसायची हिंमत झाली नाही. मग आबाच फिसकन हसले. चाचा तर जमिनीवर बसले. आई हसता हसता रडली आणि रडता रडता म्हणाली, "मेल्यांनो, तूप वाया घालवू नका." जादाचं तूप पुसलं, दाण्याएवढं नव्यानं लावलं, पंखा घट्ट दाबून बसवला. आबांनी ओट्यावरचा टेबलफॅन आणून उघड्या पोटावर लावला. तासभर पळवला. त्रेसष्टला जो आकडा बसला तो हलला नाही.

गुरुवारी नऊला लाईट आलीच नाही. सव्वानऊला नाही. नऊ वीसला आली. नऊ वीसपासून साडेपाच तास म्हणजे दोन पन्नास. तीनला लाईट जाणार. सीडी भरायला सहा मिनिटं. माझ्या आयुष्यात एवढा चिमटीतला हिशेब मी कधी केला नव्हता.

ते साडेपाच तास आमच्या घरी जत्रा होती. अनशीनं कॉम्प्युटरला तूप पाजलंय, ही बातमी शालनकाकूनं भावकीत पोचवली. बायका बघायला येत, वाकून तूप दिसतं का बघत, आणि टक्के किती झाले ते विचारत. कुणी तरी उदबत्ती लावली, चाचांनी ती विझवली, "त्याला धूर चालत न्हाई" म्हणून. चाळीस टक्के. पंचावन्न. एकदा आकडा सदुसष्ट डिग्रीवर गेला, तर आई पदरानं वारा घालायला लागली. एक वाजता एक म्हातारी म्हणाली, "किती लिटर तूप पितो?" सत्तर टक्के. पंचाऐंशी. परवाचा सहा तासांचा डोंगर आज सपाट वाटत होता. मी तर मधेच नाचून घेतलं.

दोन बावन्नला शंभर झाले. सीडी घातली. दोन पंचावन्नला, पाच मिनिटं आधी, लाईट गेली.

पण माझा यूपीएस होता, लाईट गेल्यावर पाचेक मिनिटं तग धरणारी बॅटरी. टीं टीं टीं ओरडत होता आणि त्याच्या त्या ओरडण्यावर सीडी भरत होती. एकोणसाठ... त्र्याण्णव... आणि सीडीचं दार आपोआप उघडलं. गरम सीडी. आईच्या हातातला पीठ लागलेला टॉवेल घेऊन मी ती धरली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. फिल्म कशी झालीय हे बघायला वेळच नव्हता. आबा, चाचा आणि मी, चाचांच्या जुनाट जीपमधून निघालो.

चारला तुमच्या ऑफिसात तुमच्या जनरेटरवर तुमचा कॉम्प्युटर सुरू होता. शिपाई मला दारातच अडवायला लागला. मी म्हणाले, "मी लेडीज नाही, मी रेडा आहे. मला साहेबांनी साक्षीला बोलावलंय." तो बाजूला झाला.

आठवतंय ना, साहेब? दोन टँकर वळणावर आले. भरलेल्यातलं दूध थोडं कलंडलं आणि बसलं. टँकर निघून गेला. अर्ध्यातलं दूध एका अंगाला आणि मागं धावलं, टाकीच्या भिंतीवर चढलं. चाकं सरळ झाली. ड्रायव्हरचं काम संपलं होतं. आणि तेव्हा ते दूध परत फिरलं. सगळंच्या सगळं. पुढच्या भिंतीवर अशी धडक दिली, की आवाज नसलेल्या त्या फिल्ममध्ये मला आवाज ऐकू आला. टँकर आडवा झाला.

तुम्ही म्हणालात, "पुन्हा लावा." पुन्हा लावली. तिसऱ्या वेळेला खिडकीत शिपाई, क्लार्क, कॅन धुणारे असे सगळे जमले होते, आणि दूध परत फिरलं की ओरडत होते, "आला, आला, रेडा आला!" तुमच्या उजवीकडच्यानं टाळी वाजवली आणि तुमच्याकडं बघून हात खाली घेतले. तुम्ही सुद्धा हसत होतात, साहेब. त्या घटकेला तुमच्यात आणि आमच्यात काही फरक नव्हता.

"मग याला उपाय काय?" तुम्ही विचारलंत.

दारातून चाचा म्हणाले, "टाकीत आडव्या भिंती घाला. पत्र्याच्या, भोकं पाडून. दूध जाईल, पण धावणार न्हाई."

तुम्ही समोरच्या कागदावर ते लिहून घेतलंत. मी पाहिलं. मग पेनाला टोपण लावलंत आणि मला विचारलंत, "हे बनवलं कुणी?"

"मी."

"कोर्स कुठं केलास?"

"केला नाही. घरीच शिकले."

"सर्टिफिकेट?"

"नाही."

तुमचा चेहरा बदलला. सुटका झाल्यासारखा झाला. "मग हे कार्टून झालं," तुम्ही म्हणालात. "चांगलं आहे. पण कार्टून पुराव्यात घेता येत नाही." आणि फाइलमधून एक कागद काढून सही केलीत. तो कागद आधीच टाइप केलेला होता. मी टाइप करून पोट भरते, साहेब. ताजी शाई आणि शिळी शाई मला लांबून कळते.

बाहेर आलो. माझ्या डोळ्यांतून संतापानं पाणी येत होतं. चाचा शिव्या देत होते. आणि आबा? आबा हसत होते. हळूहळू, मग मोठ्यानं. जीपच्या बॉनेटवर चांगल्या हाताची थाप मारून हसत होते.

"आबा, नोकरी गेली."

"गेली, गेली. अनशे, मी झोपलो नव्हतो!"

"ते आम्हाला माहीतच होतं."

"मला माहीत नव्हतं," आबा म्हणाले.

मी डोळे पुसून त्यांच्याकडं वळले.

"तेरा दिवस मी तेच आठवतोय. साहेब झोपलास म्हणाले, मी न्हाई म्हणालो. पण आतनं वाटायचं, लागला असंल का माझा डोळा? एक क्षण? ढुशी बसली म्हणतो मी, पण ती स्वप्नातली असंल तर? कुणाला सांगू हे? तुझ्या आईला?" त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "आज बघितलं. चाकं सरळ झाली होती ग. मी गाडी सरळ केली होती. मग ते आलं."

जीप गावाच्या वेशीत येईपर्यंत आबा मागच्या बाकावर झोपले होते. दिवसाउजेडी, तोंड उघडं टाकून, घोरत. घरी उतरवायला चौघं लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले आणि आधी भाकरी मागितली, मग विचारलं, "प्रोसेसर कसाय?" प्रोसेसर बरा होता. दोनशेवर परत आणला होता. अजून आठ वर्षं चालला. घरी कधी बेसन भाजलं की आबा त्याच्याकडं बघायचे.

आबांनी पुढं दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवला, मग शाळेची गाडी. वारले त्याला चार वर्षं झाली. शांतपणे गेले. त्यांना त्यांचं उत्तर मिळालं होतं, म्हणून मी इतकी वर्षं लिहिलं नाही.

पण गेल्या महिन्यात मी संघाच्या गॅरेजमध्ये गेले होते, एका ओळखीच्या मिस्त्रीकडं. सहज विचारलं. त्यानं शिडी लावून दिली, टाकीचं झाकण उघडलं, हातात बॅटरी दिली. आत आडव्या पत्र्याच्या भिंती. भोकं पाडलेल्या. चार. दुसऱ्या टँकरमध्येही चार. सगळ्या टँकरमध्ये. केव्हा बसवल्या, विचारलं, तर म्हणाला, फार जुनं काम आहे, तुझ्या आबांच्या अपघाताच्याच सालातलं, दिवाळीच्या आधीचं. हुकमावर सही कुणाची, तेही त्यानं सांगितलं. अपघात त्या वर्षीच्या आषाढात झाला होता. म्हणजे तुम्हाला चार महिनेही लागले नाहीत.

माझ्या बापाच्या कामाच्या पुस्तकात मात्र शेवटच्या पानावर अजून लिहिलेलं आहे: गाडी चालवताना झोपी गेला.

तर साहेब, मला एवढंच सांगा. ते कार्टून होतं, तर त्याच्यावरून टाक्यांत पत्रे का ठोकलेत? आणि खरं होतं, तर ते पान अजून तसंच का आहे? तोंडी नको. लेखी उत्तर पाहिजे, खाली तुमच्या सहीचं. कधी देताय?